नगं, नको, नक्को

हैदराबादेत वाढलेला माणूस ओळखायचा असेल, तर त्याला नको असलेली वस्तू देऊ करावी. दुसरा चहा, तिसरी पुरी, रिक्षावाल्याने सांगितलेला जास्तीचा दर, काहीही चालेल. "नक्को" हा शब्द तत्काळ ऐकू येईल. बोलणारा चारमिनारजवळचा मुसलमान अत्तरवाला असो, बेगम बाजारातील मारवाडी व्यापारी असो, तेलुगू घरातील महाविद्यालयीन विद्यार्थी असो किंवा काचीगुड्यातील मराठी पेन्शनर असो, शहराच्या सामाईक बोलीत नकाराचा शब्द हाच. हिंदी चित्रपटांनी तो हास्यासाठी वापरला. 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटात मेहमूद यांनी हैदराबादी खानसामा रंगविला, आणि त्यानंतर ही बोली म्हणजे विनोदच असा समज देशभर रूढ झाला. नंतरच्या 'द अंग्रेज'सारख्या चित्रपटाने तो आणखी पक्का केला. हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की हा शब्द मराठी आहे?

आम्ही भाषाशास्त्राचे अभ्यासक नाही, व्यवसायाने वकील आहोत. परंतु सीमेच्या दोन्ही बाजूंची कागदपत्रे वाचण्यात आणि दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांचे बोलणे ऐकण्यात आमच्या आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. एक तक्रार आम्ही सतत ऐकतो. औराद, भालकी, बसवकल्याणकडील किंवा जुक्कल, भैंसा, मुधोळकडील मराठी मुलगा पुण्यास वा संभाजीनगरास शिकावयास गेला की, त्याच्या मराठीला 'गावठी', 'मिसळीची' असे म्हणतात. तो "मला नगं" म्हणाला की, वर्गात हशा होतो. घरी परतल्यावर तो आईलाही "नको म्हण" असे शिकवू लागतो. म्हणून 'नगं' या शब्दाविषयी आणि त्याच्या हैदराबादी भावंडाविषयी आम्ही येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम शब्दाचा अर्थ. मराठीत नकाराचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत आणि मराठी माणूस त्यांची गल्लत कधीही करीत नाही. 'नाही' हा वस्तुस्थितीचा नकार, 'नको' हा इच्छेचा नकार. "घरात दूध नाही" म्हणजे दूध संपले आहे. "दूध नको" म्हणजे दूध भरपूर आहे, पण मला घ्यायचे नाही. क्रियापदाशी जोडला की हाच शब्द मनाई होतो: जाऊ नको, जाऊ नका. ग्रामीण रूपे याच साच्यातील आहेत. मला नगं, जाऊ नगस, जाऊ नगा. 'क'चा 'ग' झाला आणि शेवटचा स्वर आखडला, इतकाच फरक. कोल्हापूर-साताऱ्यापासून सोलापूर, लातूर, नांदेडपर्यंत खेड्यापाड्यांत हे रूप चालते. तिकडे गोव्यात कोकणीभाषक "म्हाका नाका" म्हणतो, तो याच घराण्यातील. अर्थात 'नगं' ही कोणा एका तालुक्याची चूक नसून फार मोठ्या प्रदेशावर पसरलेले उच्चाररूप आहे. छापील पुस्तकांनी त्याचे 'नको' हे एक रूप उचलले आणि बाकीची दाराबाहेर ठेवली.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही, याचा प्रत्यय आम्हांस एका वाटपाच्या प्रकरणात आला. निजामी काळातील, फसली १३४०च्या आसपासचा म्हणजे १९३०-३१च्या सुमारासचा, एक उर्दू जबाब पुराव्यात होता. दोन भावांच्या वाटणीत धाकट्याने एका शेताविषयी काय सांगितले, हा वादाचा मुद्दा. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली हकिकत अशी की, तो म्हणाला होता, "हे रान मला नगं, विहिरीचं द्या." जबाब घेणाऱ्या कारकुनाने उर्दूत 'इन्कार' हा एकच शब्द लिहिला. पुढे त्या उर्दूचे मराठी भाषांतर झाले तेव्हा 'इन्कार'चे "सदर जमिनीशी माझा संबंध नाही" झाले. म्हणजे एका वाटणीऐवजी दुसरी मागणारा माणूस तीन भाषांच्या प्रवासात आपला हक्कच नाकारणारा ठरला. उर्दूत हक्क सोडण्यासाठी 'दस्तबरदारी' हा नेमका शब्द आहे. कारकुनाने तोही वापरला नव्हता, कारण मुळात हक्क सोडलाच नव्हता. 'नगं'ला लष्करी-दरबारी उर्दूत एका शब्दाचा पर्याय नव्हता, आणि असेल तो जवळचा शब्द लिहून तो मोकळा झाला. प्रकरण शेवटी तडजोडीने मिटले, त्यामुळे न्यायालयाने या 'नगं'चा अर्थ काय लावला असता हे कळण्याचा मार्ग उरला नाही. आम्हांस मात्र ते प्रकरण विसरता आलेले नाही.

ओघात एक सूचना. आजही बहिणी माहेरच्या जमिनीविषयी "मला काही नगं" म्हणतात, आणि भाऊ ते हक्कसोड मानून बसतात. मराठी घरातला पहिला नकार बहुधा शिष्टाचाराचा असतो, हे आपण सर्व जाणतो. जेवायला बसलेला पाहुणा पहिल्यांदा 'नको'च म्हणतो आणि यजमान वाढतोच. कायद्यालाही हा शिष्टाचार पुरेसा वाटत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मिळकतीतील हक्क सोडावयाचा तर १९०८च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे लेख नोंदणीकृत असावा लागतो, हा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा बहिणीच्या नुसत्या 'नगं'वर सातबाऱ्याची वा पहाणीची नोंद फिरवू पाहणाऱ्यांनी सावध असावे.

आता हैदराबादकडे वळू. प्रमाण उर्दू-हिंदीत "चाय नहीं" म्हणजे चहा नाही. चहा नको असेल तर "नहीं चाहिए" असे दोन शब्द योजावे लागतात, आणि मनाई करावयाची तर 'मत' हा तिसरा शब्द. हैदराबादच्या बोलीने या दोन्ही जागी एकच 'नक्को' बसविला. "मेरेकू नक्को" म्हणजे मला नको. "नक्को जाओ" म्हणजे जाऊ नका. "चाय नहीं" आणि "चाय नक्को" यांतील भेद हैदराबादी माणूस मराठी माणसाइतकाच काटेकोरपणे पाळतो. म्हणजे त्याने मराठीकडून केवळ ध्वनी उचलला नाही, नकाराचा विचारही उचलला.

यावर एक शंका कोणीही काढील. हैदराबाद तेलुगू मुलुखात आहे. तेलुगूतही हा भेद तंतोतंत आहे: 'लेदु' म्हणजे नाही, 'वद्दु' म्हणजे नको. कन्नडातही 'इल्ल' आणि 'बेड' अशी जोडी आहे. बिदर-कलबुर्गीकडे 'बेड'चे 'ब्याड' ऐकू येते. दक्षिणेतील या भाषांच्या शेजाराने मराठीतही 'नाही-नको'चा भेद इतका ठसठशीत राहिला, असे मानावयास जागा आहे. मग शहराच्या भोवती सगळीकडे 'वद्दु' असताना शहराने 'नको' का घेतला? गोवळकोंड्याच्या पायथ्याशी बोलली जाणारी भाषा आपल्या दारातला शब्द सोडून तीनशे मैल पलीकडचा शब्द का आणते?

या प्रश्नाचे उत्तर असे की, ती भाषा हैदराबादेत जन्मलेलीच नाही. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने आपली राजधानी देवगिरीस नेली आणि तिचे दौलताबाद झाले. दिल्लीकडील सैनिक, कारागीर, सूफी, मुन्शी यांची कुटुंबे या वेळी दक्षिणेत आली. राजधानी पुढे परतली, परंतु सर्व माणसे परतली नाहीत. १३४७ मध्ये दौलताबादेतच बहमनी सत्तेचा उदय झाला. तिची राजधानी गुलबर्ग्यास आणि पंधराव्या शतकात बिदरास गेली. उत्तरेकडून आलेल्या या लोकांची बोली ज्या बाजारात, ज्या शेतात, ज्या स्वयंपाकघरात रुळली, ते सर्व आरंभी मराठी मुलुखातले होते. मुलांना सांभाळणारी बाई मराठी, धान्य विकणारा मराठी, घोड्याला दाणा घालणारा मराठी. अशा ठिकाणी सर्वांत आधी कोणते शब्द शिकले जातात? 'नको', 'काय', 'हळू'. परकी भाषा शिकणाऱ्याला दुसऱ्याचा नकार समजणे आणि आपला नकार समजावणे याइतकी तातडीची गरज नसते.

ही दखनी बोली पुढे बहमनी राज्याच्या पाचही वारसांबरोबर अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बिदर, वऱ्हाड अशी पसरली. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुत्बशहाने हैदराबाद वसविले तेव्हा दखनी अडीच शतके वयाची होती. खुद्द हा सुलतान दखनीचा कवी. त्याच्या दरबारातील मुल्ला वजही याने 'कुत्ब मुश्तरी' हे काव्य आणि १६३५ मध्ये 'सबरस' हा गद्यग्रंथ लिहिला. दखनीच्या या जुन्या वाङ्मयात 'नको' आढळतो. म्हणजे शहर वसले त्याच पिढीत हा शब्द वाङ्मयापर्यंत चढलेला होता. तो शहराबरोबर आला, शहराने तो घडविला नाही. वजहीसारखा लेखक तो विनोद म्हणून लिहीत नव्हता, ती त्याची भाषा होती.

आणखी एक पर्यायी खुलासा पुढे केला जातो, तोही तपासून पाहू. निजामाच्या दरबारात मराठी कारकुनांचा मोठा भरणा होता. पहिल्या असफजाहाचे बस्तान औरंगाबादेस होते. दुसऱ्या असफजाहाच्या काळात ते हैदराबादेस हलले आणि त्यामागे औरंगाबादची दफ्तरे, शिपाई, सावकार असा सगळा लवाजमा आला. दफ्तर-ए-दिवानी ही राज्याची एक प्रमुख कचेरी रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. तेव्हा 'नक्को' या कारकुनांनी आणला असे का म्हणू नये? दोन कारणे. एक, वर सांगितल्याप्रमाणे तो त्याआधीच्या लेखनात आहे. दुसरे अधिक बळकट आहे. 'नक्को' केवळ हैदराबादेत नाही. बेंगळूरु, म्हैसूर येथील आणि तमिळनाडूतील दखनीभाषक मुसलमानही 'नक्को'च म्हणतात. त्या सर्वांना रायरायानांच्या कचेरीचा स्पर्श झालेला नाही. शब्द इतक्या दूरवर एकाच रूपात असेल, तर तो फांद्या फुटण्यापूर्वीचा, खोडातला असला पाहिजे. मराठी दफ्तरदारांनी त्याला हैदराबादेत पाणी घातले असेल एवढे म्हणता येईल. लावणी त्यांची नाही.

लोक असा समज करून घेतात की, भाषेची देवघेव वरून खाली होते, दरबारातून बाजारात. इब्राहिम आदिलशहा पहिला याने विजापूरच्या हिशेबात फारसी बाजूस सारून देशी भाषा आणली आणि दक्षिणी ब्राह्मणांना कचेऱ्यांत नेमले, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदविले आहे, आणि ते मोलाचे आहे. परंतु 'नको' कोणत्याही फर्मानाने दखनीत गेलेला नाही. फर्मानाने गेलेले शब्द फर्मानाने परत येतात. 'नको'ला काढण्याची आज्ञा द्यावयाची तर आधी "वापरू नको" असे म्हणावे लागेल.

शब्दाच्या अंगावर प्रवासाच्या खुणा आहेत. मराठीत तो पुरुष-वचनाप्रमाणे रूप बदलतो: नको, नकोस, नका, नकोत. दखनीने ही सर्व वळणे छाटून एकच रूप ठेवले. आदर आणि अनेकवचन दाखविण्याचे काम क्रियापदावर टाकले. "नक्को जा" आणि "नक्को जाओ", येथे 'नक्को' जागचा हलत नाही. मराठीत तो क्रियापदाच्या मागून येतो, दखनीत 'मत'च्या जागी म्हणून पुढे. आणि 'क'चे द्वित्व? ते दखनीच्या कानाचे आहे. सोन्याला 'सुन्ना', फिक्याला 'फिक्का' म्हणणारी ही बोली मधला व्यंजन दाबून उच्चारते. त्याच सवयीने आपला 'हळू' तेथे 'हल्लू' झाला. दखनीत 'ळ' नाही, म्हणून 'ल'. "हल्लू चलो" हे वाक्य ऐकून मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही.

'हल्लू'खेरीज आणखीही सोबती आहेत. 'कायकू' म्हणजे 'कशाला', त्यात आपला 'काय' बसलेला असावा. याहून सूक्ष्म आहे तो 'च'. मीच, असाच, तोच यांतील निश्चयार्थक 'च' प्रमाण हिंदीत नाही, तेथे 'ही' येतो. हैदराबादी मात्र "मैंइच", "ऐसाइच" म्हणतो. एका भाषेने दुसरीकडून नाम घेणे सोपे असते. बाजारात नवी वस्तू येते, तिचे नावही येते. परंतु 'च'सारखे अव्यय घ्यावयास दोन्ही भाषा एकाच तोंडात पुष्कळ वर्षे राहाव्या लागतात. आमच्या मते दखनीवरील मराठी संस्काराचा सर्वांत भक्कम पुरावा 'नक्को' नसून हा 'च' आहे. 'नक्को' फक्त अधिक बोलका आहे. "आता बोलके बोला" या हैदराबादी रचनेत 'बोलके' जे काम करतो तेच मराठीत 'म्हणून' आणि तेलुगूत 'अनि' करतो. येथे कोणी कोणाचे घेतले हे सांगणे अवघड, कारण तिन्ही शेजारी एकाच पद्धतीने बोलतात.

देवघेव केवळ बोलण्यात थांबली नाही. एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला त्यात दोघे आपापल्या भाषेत भांडतात आणि दोघांना एकमेकांचे सर्व समजते. पैठणच्या श्रोत्यालाही समजत होते, नाही तर ते रचण्यात अर्थ नव्हता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर अधिकारी होते, हेही ध्यानी घ्यावे. अठराव्या शतकात तर तमिळ देशात राहणाऱ्या शाह तुराब चिश्ती या सूफीने समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांच्या धर्तीवर 'मनसमझावन' हे दखनी काव्य रचले. मनाच्या श्लोकांत मनाला वारंवार 'नको' सांगितले आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावयास नको. रामदासांचा मनाशी चाललेला संवाद एका सूफी संताला आपल्या भाषेत करावासा वाटला, आणि त्यासाठी त्याला तो फार दूर न्यावा लागला नाही.

या विषयावर मराठीत झालेले काम दुर्दैवाने थोड्यांनाच ठाऊक आहे. श्रीधर रंगनाथ कुलकर्णी यांनी दखनीला मऱ्हाटी संस्कृतीचा एक आविष्कार म्हटले आणि त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. मराठवाड्याचे देवीसिंग चौहान, जे हैदराबाद मुक्तिलढ्यात होते, त्यांनी दखनी आणि मराठी यांच्या नात्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आणि दखनी नवव्या खंडात, हिंदुस्थानीच्या घरात, अशी विभागणी झाली. ग्रंथालयाच्या दृष्टीने ती सोयीची असेल. पण त्यामुळे दोन बहिणींची नावे दोन वेगळ्या शिधापत्रिकांवर चढली आणि मराठीच्या अभ्यासकाला दखनीकडे पाहण्याचे कारणच उरले नाही.

उलट दिशेने काय आले, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. १८८४ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. संस्थानातील सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलणारे, पण वकिलाला उर्दू आल्यावाचून गत्यंतर नव्हते. याच काळात केशवराव कोरटकरांसारख्या वकिलाने हैदराबादेत वकिली गाजवून मराठी मुलांसाठी विवेक वर्धिनी शाळेची उभारणी केली, आणि १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. कचेरीतली भाषा मराठवाड्याच्या मराठीत खोल मुरली. पहाणी, खासरा, सेतवार, मुंतखब हे शब्द आमच्या पक्षकारांच्या तोंडी आजही आहेत; इनामाच्या दाव्यात 'मुंतखब' काढा म्हटले की, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला तरुण वकील गोंधळतो. जुन्या दस्तांवर आजूर, बहमन, खुर्दाद, शहरेवर असे फसली महिने असतात, आणि तारीख जुळविण्यासाठी फसली सनात ५९० मिळवावे लागतात. हे शब्द वरून आले, कागदावरून आले. 'नको' खालून गेला. म्हणूनच पहाणीपत्रक उद्या संगणकातून नाहीसे झाले की 'पहाणी'ही विस्मरणात जाईल, पण 'नक्को' विस्मरणात जाण्याची काही चिन्हे नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. राज्य पुनर्रचना अधिनियमातील त्या याद्या आम्ही अनेकदा वाचल्या आहेत. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्याकडे. नांदेडही, परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून. बिदरातून अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके इकडे आले. औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. आदिलाबादेतून किनवट व राजुरा आले. मंडळ हा महसुली एकक. त्याच्या हद्दी तलाठ्याच्या सोयीने आखलेल्या असतात, सासर-माहेराच्या सोयीने नव्हे. उदगीरची लेक औरादला दिलेली, तिची नणंद बिचकुंद्याला. त्या दिवसापर्यंत तिघी एका राज्यात होत्या, दुसऱ्या दिवशी तीन राज्यांत. 'नगं' तिघींच्या तोंडी राहिला.

आमच्या चळवळीतील काही उत्साही मित्र अशा शब्दांवरून प्रदेशावरील हक्क सिद्ध करू पाहतात. त्यांचा आदर राखून आम्ही असहमती नोंदवितो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या मूळ दाव्याचा विषय हा राज्यघटनेचा आणि अधिनियमाचा विषय आहे. 'नक्को'च्या आधारे कोणी बेंगळूरुवर मालकी सांगू लागला, तर न्यायाधीश हसतील आणि ते योग्यच होईल. शब्दातून सिद्ध होते ते वेगळे आणि आमच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे. दक्षिणेत मराठी ही कालपरवा स्थलांतरित झालेल्यांची भाषा आहे, किंवा सीमाभागातील मराठी ही मूळ मराठीची बिघडलेली नक्कल आहे, ही दोन्ही विधाने या पुराव्यापुढे टिकत नाहीत. ज्या मराठीने दखनीला 'नको', 'च' आणि 'हळू' दिले, ती पुण्याच्या छापखान्यात तयार झालेली नव्हती. ती देवगिरी ते बिदर या पट्ट्यात बोलली जाणारी, म्हणजे आपल्याच पूर्वजांची, बोलभाषा होती.

त्यामुळे शिक्षकांना आमची एक विनंती आहे. मुलाने 'नगं' म्हटल्यावर त्याला 'नको' अवश्य शिकवावे. परीक्षा, अर्ज, न्यायालय यांसाठी प्रमाणरूप येणे त्याच्याच हिताचे आहे. परंतु 'नगं' चूक आहे असे सांगू नये, कारण ते असत्य आहे. फळ्यावर तीन रूपे शेजारी लिहावीत आणि कोणते कोठे चालते ते सांगावे. कर्नाटक-तेलंगणातील मराठी शाळांतून मुले घटत आहेत. जी आहेत त्यांना आपल्या आईची भाषा अशुद्ध वाटू लागली, तर ती पुढच्या वर्षी आनंदाने दुसऱ्या माध्यमात जातील. तसेच साक्षीपुरावा नोंदविला जात असताना आपल्या पक्षकाराचा 'नगं' जबाबात कोणत्या शब्दाने उतरतो, याकडे सीमाभागातील तरुण वकिलांनी लक्ष ठेवावे. 'नाही' लिहिले जात असेल तर तेथेच हरकत घ्यावी. अपिलात तो शब्द दुरुस्त करणे फार महाग पडते.

या बोलींची नोंद गावोगाव होणे बाकी आहे. देगलूर, औराद आणि जुक्कल यांच्या मधला पट्टा त्यासाठी उत्तम. तेथील आठवडी बाजारात भाजीवालीला एका सकाळीत 'वद्दु', 'ब्याड', 'नक्को' आणि 'नगं' असे चारही नकार ऐकावे लागतात. ती चारही ओळखते, आणि भाव एकदा उतरवून पुन्हा विचारते.